एका बिजागरीचं फाटक

नाही, पण आभार कसले? मी एवढंच विचारतोय! एखाद्या बाईचा नवरा नदीत बुडतो, चांगला धडधाकट माणूस, सकाळी स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडलेला, आणि ती बाई कागद घेऊन बसते, कविता लिहिते, आणि पहिल्याच ओळीत काय म्हणते? 'देवा, तू त्याला नेलंस, तुझे आभार.' आता 'नेलंस' इथपर्यंत माझी काही हरकत नाही... माणूस रागानंही म्हणतो, नेलंस ना, बरं झालं, ठेव तुझ्याकडे. पण नेलंस, आणि वर आभार!

तुम्हाला सांगतो, मी सुतार माणूस. तीस वर्षं रंधा मारतोय. शाळा सुटली त्या दिवशी माझा आणि कवितेचा संबंध सुटला, आणि त्याबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती. पण आमच्या वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायको, कॉलेजात कविता शिकवतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, काळा चष्मा लावायचा, वाकायचं नाही, आणि दोन आठवडे एक अक्षर वाचायचं नाही. आणि इकडे वहिनींचं निवृत्तीआधीचं शेवटचं व्याख्यान पुढच्या सोमवारी! विषय काय, तर जुन्या प्युरिटन, म्हणजे कुठल्याशा कडक ख्रिस्ती पंथाच्या, कवितेतलं दुःख आणि श्रद्धा. मग वाचून कोण दाखवणार? आमची ही लगेच म्हणाली, "तुम्ही जा ना, तसेही चार वाजता चहा पीत बसलेले असता." झालं. डोळ्यांत थेंब घालायचं काम हिच्याकडे, कविता माझ्याकडे.

कवितेचं मराठी वहिनींनीच केलेलं, पूर्वी कधीतरी, निळ्या वहीत. अक्षर मोत्यासारखं. मी आपला चष्मा पुसून, घसा खाकरून पहिली ओळ वाचली आणि जो हबकलो, तो थांबलोच. म्हटलं, वहिनी, काहीतरी चुकलंय, इथे आभार लिहिलंय.

त्या म्हणाल्या, "बरोबर आहे भाऊजी. पुढे चला."

पुढे कसा चलू? समोर चौकट तिरकी दिसतेय आणि म्हणे दार बसवा! मी विचारलं, ही बाई शुद्धीवर होती का? तेव्हा वहिनींनी मला समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगतात तसं, मान किंचित वर करून. ही माणसं साडेतीनशे वर्षांपूर्वीची. देवासाठी घरदार सोडून, समुद्र ओलांडून गेलेली. कपडे साधे, प्रार्थनेची जागा साधी, चित्र नाही, मूर्ती नाही, शोभेचं म्हणून काही नाही. जे घडतं ते देवाच्या मनातलं, आणि दुःख म्हणजे त्यानं दिलेला धडा. त्यामुळे रडायचं तेसुद्धा बेतानं. फार रडलं की त्याचा अर्थ होतो, देवापेक्षा माणसावर जास्त जीव लावला.

अहो, मी गार पडलो! म्हणजे स्वतःच्या नवऱ्यावर जीव लावायचा तो मोजूनमापून? आणि तो गेला की शिल्लक राहिलेला जीव देवाला परत करायचा... आणि वर आभार!

सोमवार असा गेला. मंगळवारीही मी पहिल्या कडव्यातच अडकलेलो. बुधवारी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मधलं सगळं नुसता तपशील आहे, घरातल्या वस्तू वगैरे. ते भराभर वाचलंत तरी चालेल. कवितेचा अर्थ शेवटच्या दोन ओळींत आहे." मी शेवटच्या दोन ओळी वाचल्या. तिथेही आभार! घरी येऊन हिला सांगायला लागलो, तर ही म्हणते, "तुम्ही वाचायला जाता की भांडायला? ती बाई मरून साडेतीनशे वर्षं झाली, तिला तरी सोडा." आता हिला काय सांगणार, मी त्या बाईशी भांडतच नव्हतो.

कारण खरी गोष्ट वेगळीच आहे. ती आता सांगतो.

माझा दादा तीन वर्षांपूर्वी गेला. पाणीखात्यात कारकून. स्वभावानं सोनं, पण हात... हात म्हणजे देवानं फक्त सह्या करायला दिलेले! आणि नाद कसला, तर घरातल्या दुरुस्तीचा. सख्खा भाऊ सुतार, दोन गल्ल्या पलीकडे राहतो, पण नाही! "घरचं काम मी करणार, तू लोकांची कर." त्यानं नळ दुरुस्त केला की प्लंबर बोलवावा लागायचा, आणि प्लंबर गेल्यावर गवंडी. तर एका रविवारी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार कुरकुरायला लागलं म्हणून यानं त्याची वरची बिजागरी काढली. वहिनींना म्हणाला, "दहा मिनिटांत आलो, अशीच दुसरी घेऊन येतो." बिजागरी नमुन्याला म्हणून खिशात टाकली आणि गेला. दुकानाच्या पायरीवरच कोसळला. संपलं.

आणि वहिनी? वहिनी रडल्या नाहीत. एक टिपूस नाही. लोक भेटायला आले, तर या दाराशी उभ्या राहून प्रत्येकाला, "आलात, आभारी आहे." दवाखान्याला पत्र लिहिलं, तुम्ही प्रयत्न केलेत, आभारी आहे. त्या दुकानदाराकडे स्वतः गेल्या, तुम्ही त्यांना सावलीत निजवलंत, आभारी आहे. लोक म्हणाले, काय खंबीर बाई आहे! पण माझ्या मनात रागच आला, खोटं कशाला सांगू? माझा भाऊ गेला, मी पंधरा दिवस रंधा धरू शकलो नाही, आणि ही बाई कोरड्या डोळ्यांनी... आणि वर आभार!

आणि ते दार! तीन वर्षं तसंच! एका बिजागरीवर लोंबकळतंय. आम्ही कुणी उघडलं की खाली लादीवर घासतं, खर्रर्र करून, लादीवर अर्धगोल ओरखडा पडलाय. सुताराच्या सख्ख्या वहिनीच्या घरात! मी दहा वेळा म्हटलं, वहिनी, पाव तासाचं काम आहे. तर प्रत्येक वेळी, "राहू द्या भाऊजी, काही घाई नाही." येणारे-जाणारे काय म्हणत असतील माझ्याबद्दल?

तर गुरुवारी ही वहिनींना घेऊन डोळे तपासायला गेली. मला म्हणाली, "आम्ही येईपर्यंत थांबा, आणि वाचनाची जरा तयारी करा, अडखळता फार." मी एकटा. समोर ते दार. आणि माझी पिशवी माझ्याजवळ. आता तुम्हीच सांगा, डॉक्टरासमोर मोडका हात ठेवला तर तो नुसता बघत बसेल का? मी म्हटलं, आज वहिनींना चकितच करू! उतरवलं दार. डबे बाजूला सारले, मागे रुमालात काहीतरी बांधून ठेवलेलं होतं, तेही सारलं. जुनी बिजागरी काढून दोन नव्या कोऱ्या बसवल्या. खालची कड रंध्यानं चांगली दोन सूत, म्हणजे पाव इंच, उतरवली, घासायला नको. तेल घातलं. एका बोटानं ढकललं तर दार असं गेलं, असं आलं... आवाज म्हणून नाही! भुसा झाडला, हात धुतले, आणि मोठ्या ऐटीत वही घेऊन बसलो. म्हटलं, चला, आता तो मधला तपशील वाचून टाकू.

वाचायला लागलो. ती बाई सांगतेय, माझा नवरा गोठलेल्या नदीवरून पलीकडे निघाला आणि बर्फ फुटलं. त्याची शिडी अजून झाडाला टेकलेली आहे. एका बुटाला टाके घातलेत, दुसऱ्याला नाहीत. आणि मग ती ओळ आली... 'अंगणाचं फाटक त्यानं सोडलं तसं एका बिजागरीवर आहे, नऊ हिवाळे झाले.'

मी परत वाचलं. नऊ हिवाळे?

तुम्हाला कविता कळत असेल, मला फाटकं कळतात. एका बिजागरीवरचं फाटक नऊ हिवाळे टिकत नाही हो! नऊ महिनेसुद्धा नाही! सगळा भार एकाच ठिकाणी येतो, स्क्रू लाकडातून उपटून निघतात. ते टिकायचं असेल तर एकच मार्ग आहे. जाता-येता, दर वेळी, कुणीतरी त्याची पलीकडची बाजू हातानं उचलून धरायची, मग उघडायचं. दर वेळी. नऊ वर्षं. म्हणजे ही बाई तोंडानं म्हणतेय, नेलंस, आभार. आणि हातानं? हातानं रोज ते फाटक उचलतेय! गावात काय सुतार नव्हता? लोहार नव्हता? होता ना! पण तिनं बोलावलाच नाही. तिला ते दुरुस्त करायचंच नव्हतं. जो अर्धं काम टाकून गेलाय, त्यानंच येऊन पुरं करायचं!

मी वही मिटली. कारण माझ्या डोळ्यांसमोर आली खालची बिजागरी, तासाभरापूर्वी मीच काढलेली. तिचे स्क्रू... जागच्या जागी, घट्ट होते. तीन वर्षं. मला तेव्हाच कळायला हवं होतं! तीस वर्षांचा सुतार मी, आणि मला ते दिसलं नाही! मी उठून तो रुमाल सोडला. आत दादाची वरची बिजागरी. खिशात नेलेली. दवाखान्यानं चष्म्याबरोबर परत दिलेली असणार.

आणि तेवढ्यात खाली रिक्षा थांबली.

अहो, काय सांगू माझी अवस्था! दोन जिने, वहिनी काळ्या चष्म्यानं सावकाश चढणार, म्हणजे फार तर पाच मिनिटं. पेचकस सापडेना, हातातच होता. वरची नवी बिजागरी उपटली, खालची उपटली, जुनी कचऱ्याच्या डब्यातून काढली, चिकटलेली सालं पुसून पुसून बसवली. जन्मात पहिल्यांदा चांगलं केलेलं काम घाईघाईनं बिघडवत होतो, आणि जिन्यात हिचा आवाज, "सावकाश हं वहिनी, अजून चार पायऱ्या." शेवटचा स्क्रू आवळला आणि दार सोडलं. लोंबलं! बरोबर पहिल्यासारखं लोंबलं! देवाचे मी आ... जाऊ दे.

वहिनी आत आल्या. म्हणाल्या, चहा टाकते. ही म्हणाली मी टाकते, पण त्या ऐकतात होय? कपाटापाशी गेल्या. चष्म्यातून दिसत काही नव्हतं, पण डावा हात बरोबर दाराच्या खाली गेला, दार अलगद उचललं, उघडलं. आणि त्या थांबल्या. दार मिटलं. परत उघडलं, या वेळी न उचलता.

आवाज नाही! मी कड उतरवली होती ना! दोन सूत! लाकूड एकदा रंध्यातून निघालं की परत थोडंच चिकटतं?

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दाराला हात लावलात का?"

मी म्हटलं, हो. म्हटलं, वहिनी, मी मधला तपशील नंतर वाचला, आधी वाचायला हवा होता.

त्या तिथेच स्टुलावर बसल्या, एक हात दारावर ठेवून, आणि मग हळूच म्हणाल्या, "दहा मिनिटांत येतो म्हणाले होते हो." आणि रडायला लागल्या. तीन वर्षांचं एकदम. ही घाबरली, "वहिनी, डोळा, डोळ्याला पाणी नको," म्हणून रुमाल घेऊन धावली, तो नेमका तो रुमाल, त्यातून बिजागरी ठण्णकन खाली पडली, आणि मग आम्ही तिघंही रडलो. मी जोरात. मला लाज नाही वाटली. मग रडत रडतच मी वहिनींना त्या फाटकाचं, घट्ट राहिलेल्या स्क्रूंचं सगळं सांगितलं. इतकी वर्षं ज्या बाईला मी मनातल्या मनात कोरडी म्हणत होतो, ती रोज चहाच्या वेळी माझ्या भावाला उचलून धरत होती, आणि मला म्हणे बिजागरी दिसत होती!

थांबा, संपलं नाही. खरा धक्का पुढेच आहे.

सोमवारी व्याख्यान झालं. आम्ही दोघं मागच्या बाकावर. वहिनी काळा चष्मा लावून उभ्या, हातात कागद नाही. म्हणाल्या, तीस वर्षं मी तुम्हाला सांगत आले की या कवितेचा अर्थ शेवटच्या दोन ओळींत आहे. ते अर्धंच खरं होतं. ही बाई आभार मानते तेव्हा खोटं बोलत नाही. पण तिनं शिकलेली श्रद्धा तिच्या तोंडात आहे आणि तिचं दुःख तिच्या हातात आहे, आणि दोन्ही तिचंच आहे. मग म्हणाल्या, "हे मला एका सुतारानं शिकवलं." सगळी पोरं मागे वळून बघायला लागली. मी बाकाखाली काहीतरी पडल्यासारखं केलं.

आणि मंगळवारी मी परत गेलो. पिशवी घेऊन. दोन सूत जाडीची पट्टी कापून दाराच्या खालच्या कडेला सरसानं चिकटवली. कशासाठी? दार घासावं म्हणून! तीस वर्षं घासणारी दारं घालवण्यावर पोट भरलं, आणि आता गुडघ्यावर बसून विचारतोय, वहिनी, ऐका, आवाज आला का? त्या मान वाकडी करून ऐकतायत. "किंचित जास्त होतोय, भाऊजी." पॉलिश पेपर मारला. "आता कमी." परत पट्टी. दोन तास! पाव तासाचं दार बिघडवायला दोन तास लागले बघा. शेवटी एकदाचं ते खर्रर्र झालं, बरोबर त्या ओरखड्यावरून, आणि वहिनी हसल्या.

मी भुसा झाडून उठलो. चांगलं दार वाकडं करून, लादी परत खरवडायची सोय करून, पिशवी उचलून दाराशी आलो. वहिनी मागून आल्या, हात जोडले, आणि म्हणाल्या, "भाऊजी, आभारी आहे."

आता बोला! दार बिघडवलं मी... आणि वर आभार!