चिटणीससाहेबांच्या गाडीपर्यंत हातोडा कसा पोहोचला

जबाब देणार: नाव ओळखपत्राप्रमाणे नोंदले आहे, मैदानावर 'गोफण' म्हणून ओळखतात. वय एकतीस वर्षे. व्यवसाय नोकरी, हॉस्पिटलचा धुलाई विभाग. राहणार हॉस्पिटलमागची गल्ली, पिठाच्या गिरणीच्या वरचा मजला.

आज दुपारी चार वाजता मी स्वतः ठाण्यात हजर राहून, विचारले तेवढे आणि थोडे न विचारलेलेही, सांगते ते असे की,

मी वरील पत्त्यावर नवरा, दोन मुली व सासूबाई यांच्यासह राहते. हॉस्पिटलच्या ओल्या चादरी पिळून वाळत घालणे हे माझे काम आहे. नऊ वर्षांपासून मी हातोडाफेक खेळते. ठाणे अंमलदारांनी हातोड्याचा दांडा किती लांब, असे विचारले. त्यावर खुलासा करते की हा सुताराचा हातोडा नव्हे. चार किलोचा लोखंडी गोळा, त्याला तार आणि तारेला मूठ. मूठ धरून वर्तुळात गरगर फिरायचे आणि सोडून द्यायचे. मग याला हातोडा का म्हणतात, असे अंमलदारांनी विचारले. ते मलाही माहीत नाही.

मी मुसलमान आहे. डोक्याला कापड बांधून, पूर्ण बाह्यांचा सदरा व पूर्ण विजार घालून खेळते. हे कपडे सासूबाई शिवतात. माझ्या खेळाला सासूबाईंचा पहिल्यापासून विरोध असून तो आजही कायम आहे. बाही काखेत आवळते असे मी म्हटल्यावर त्यांनी ती तीन वेळा उसवून पुन्हा शिवली, परंतु विरोध सोडलेला नाही.

मागच्या दोन वर्षी मी निवड चाचणीला नाव दिले होते. पहिल्या वर्षी, डोक्याचे कापड सुटून दुसऱ्या खेळाडूच्या डोळ्यांवर जाईल असे सांगून मला फेकू दिले नाही. दुसऱ्या वर्षी पोशाखाचा विषय समितीपुढे आहे, समिती बसली की कळवू, असे सांगितले. समिती बसली की नाही ते माहीत नाही. मी मात्र मैदानाच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसले होते.

आज सकाळी सात वाजता यंदाच्या चाचणीसाठी मी सासूबाईंसह मैदानावर पोहोचले. खेळ मंडळाचे चिटणीस, म्हणजे या प्रकरणातील तक्रारदार, मला म्हणाले, "तुमच्यातल्या बायका कधीपासून यात पडल्या?" मी म्हणाले, "माझ्यातली एकच बाई आहे साहेब, ती मी. सातपासून आलेय." त्यांनी मला थांबायला सांगितले. मी थांबले. दहा मुलींच्या सगळ्या फेकी झाल्या. त्यांत सर्वांत लांबची बावन्न मीटर होती. निवडीसाठी अठ्ठावन्न लागतात.

साडेबारा वाजता पंचबाई नियमांचे पुस्तक घेऊन चिटणीससाहेबांकडे गेल्या आणि डोक्याच्या कापडाला मनाई कोणत्या पानावर आहे ते दाखवा, असे म्हणाल्या. साहेबांनी पुस्तक बराच वेळ चाळले. नंतर म्हणाले, "बरं, होऊन जाऊ दे एक फेक. हौस कशाला मारायची?" नियमाने तीन मिळतात. मी एक घेतली. फीत तोवर सामानाच्या खोलीत कुलूपबंद झाली होती. ती मागितली असता साहेब म्हणाले, "मोजायचं काय त्यात? दिसेलच."

त्या वेळी साहेबांची गाडी मैदानात, फेकीच्या दोन पांढऱ्या रेषांच्या मध्ये, झाडाच्या सावलीला उभी होती. ती काढावी अशी विनंती मी दोनदा केली. साहेब म्हणाले, "बाई, तिथवर तुमची नजर तरी पोचते का?" नजर पोचते, असे मी सांगितले. "मग टाका," असे ते म्हणाले. गाडीत कोणी नाही, आसपास कोणी नाही, याची खात्री सासूबाईंनी काचेला नाक लावून केली व परत येऊन मला म्हणाल्या, "मी नको नको म्हणत होते. ऐकलं नाहीस. आता आलीच आहेस तर हळू टाकू नकोस."

मी चार गिरक्या घेऊन हातोडा सोडला. हातातून सुटतानाच मला कळले. काय कळले ते लिहायला सांगता येणार नाही.

हातोडा गाडीच्या पुढे हातभर अंतरावर जमिनीत आदळला, उसळला आणि गाडीचा डावा दिवा फुटला. पंचबाईंनी फेक बरोबर असल्याची पांढरी निशाणी दाखवली. मी वर्तुळाच्या मागच्या बाजूने, नियमाप्रमाणे, बाहेर आले. त्यानंतर मी काही वेळ गवतावर बसले होते. सासूबाईंनी पाणी दिले. त्या रडत होत्या का असे अंमलदारांनी विचारले, तेव्हा डोळ्यांत धूळ गेली होती, असे सासूबाईंनी बाकावरूनच सांगितले.

मी रागाच्या भरात चालत गाडीजवळ गेले व हातोडा हाताने मारून दिवा फोडला, अशी चिटणीससाहेबांची तक्रार मला वाचून दाखवली. ती खरी नाही. राग नव्हता असे मी म्हणत नाही. पण मी चालत गेले नाही.

अडीच वाजता ठाण्याचे मोठे साहेब मैदानावर आले. त्यांनी खड्डा पाहिला आणि चिटणीससाहेबांना म्हणाले, "हाताने मारला म्हणता, मग जमिनीला वीतभर भोक कसं पडलं?" चिटणीससाहेब फुटलेल्या दिव्याकडे बोट दाखवू लागले. पंचनाम्यासाठी दोन पंच हवेत, असे मोठे साहेब म्हणाले. पंचबाई म्हणाल्या, "मी पंचच आहे." तो पंच वेगळा, हे समजावण्यात काही वेळ गेला. शेवटी त्यांनाच एक पंच केले, दुसरे मैदानाचे माळी. पोलिसांच्या फितीने वर्तुळाच्या आतल्या कडेपासून खड्ड्यापर्यंतचे अंतर मोजले. ते एकसष्ट मीटर चाळीस सेंटिमीटर भरले.

हा पंचनामा ठाण्यात वाचून दाखवल्यावर चिटणीससाहेबांनी तक्रार मागे घेण्याची इच्छा व्यक्त केली. "जाऊ द्या, दिवाच तर आहे. घरचं प्रकरण आहे," असे ते म्हणाले. मी त्यांच्या घरची असल्याचे मला नऊ वर्षांत आज प्रथमच समजले.

तक्रार मागे घेण्यास मी हरकत घेतली. दिवा माझ्या हातोड्याने फुटला, हे मला मान्य आहे. किती लांबून फुटला, ते साहेबांनी मान्य करावे, एवढेच माझे म्हणणे होते. मोठे साहेब म्हणाले, "चोवीस वर्षं नोकरी झाली. जिच्यावर तक्रार, तीच म्हणते राहू द्या, हे पहिल्यांदा बघतोय."

त्यावर पंचबाईंनी पिशवीतून निकालाचा तक्ता काढला, माझ्या नावापुढे आकडा लिहिला आणि चिटणिसांच्या सहीची जागा बोटाने दाखवली. साहेबांना पेन सापडेना. मोठ्या साहेबांनी आपले दिले. सही झाली. निवड यादीत माझे एकटीचेच नाव आहे. यानंतर माझी हरकत उरली नाही.

तरीही पंचनाम्याची नक्कल मिळावी, अशी माझी विनंती आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, "कागद घेऊन ठेव. उद्या म्हणतील, वाऱ्याने नेला."

हा जबाब अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे, एक जागा सोडून. एकसष्ट मीटरच्या आधी 'अंदाजे' असे लिहिले होते. तो शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला असून खोडलेल्या जागी मी सही केली आहे.