फेरीची पाटी

हॅलो? च्यालिंग बोलतोय… अगं ताई, तू होय. बोल… नाही, मोकळाच आहे. म्हणजे स्केटला धार लावतोय, पण कान मोकळे आहेत.

वरच, बाळाच्या खोलीत… हो, झाली ना जमीन. काल शेवटची लाकडी पट्टी बसवली. येऊन गोटी ठेवून बघ, जागची हलणार नाही… कळलं, बाळ एवढ्यात गोट्या खेळणार नाही.

पलंग? पलंगाचं काय?

हो, हो… अगं ऐक ना. रविवारी उचलतो. सकाळी तुझ्याकडे येतो, शेडमधले ते चार ठोकळे घेतो, आणि दुपारच्या आत पलंग कंबरेइतका उंच… ठाऊक आहे गं. पलंग उंच नसेल तर बाळंतपणाला घरी येणारी नर्स कामाला हात लावणार नाही. तिची पाठ आहे, मान्य… तुझ्या तिन्ही वेळा दाउवेदाजींनी महिनाभर आधी उचलला होता, तेही मान्य. दाजींना दुसरं काम काय होतं?… बरं, राहिलं.

उद्या नाही जमणार. उद्या स्केटिंगची फेरी आहे.

ओरडू नकोस गं, ताई.

हो, शंभर किलोमीटर. कालव्यांवरून, तळ्यांवरून, सगळी गावं घेत. बारा वर्षांनी धरलाय असा बर्फ. आणि कुणामुळे?… देवाची कृपा असेलच, पण कालव्यांचे पंप आमच्या ऑफिसने बंद ठेवलेत. पाणी वाहतं राहिलं तर गोठणार कसं? अहवाल मीच लिहिला, मंगळवारी दिला. वेळेत… रविवारी दुपारपासून वितळायला लागणार, सोमवारी पंप चालू. म्हणजे उद्या एकच दिवस. उद्या नाही तर परत बारा वर्षं.

कसरत कसली? नीट आखलंय सगळं. फ्रिजवर तक्ता लावलाय. तीन रकाने: ऑफिस, घर, बर्फ… नाही, बाळाचा वेगळा रकाना नाही, ते 'घर'मध्ये येतं… चूक काय त्यात? पाळणा 'घर', जमीन 'घर', बाळ 'घर'… हस, हस.

हे बघ. सुईणीने तारीख दिलीय अकरा फेब्रुवारी. आज तेवीस जानेवारी. एकोणीस दिवस आहेत. शिवाय पहिलटकरणी सरासरी तारखेच्या पुढेच जातात… हो, 'सरासरी' नावाची बाई आपल्या गावात नाही, ते बरोबर, पण… पण मी काय म्हणतो…

बायकोला विचारलं ना. म्हणाली, जा. वर म्हणाली, फोन बनियनच्या आत ठेव, थंडीत बॅटरी मरते. एवढा विचार मीसुद्धा केला नव्हता… आणि प्रत्येक टप्प्यापासून जवळचा रस्ता कुठे, तेही काढलंय. मामेभाऊ गाडी घेऊन मागे असणार आहे. कुठूनही पस्तीस मिनिटांत… घरी नाही गं, गाडीत. गाडीतून मग घरी. तासाभरात… सव्वा. बर्फ पडला तर… बरं, दीड.

वित्स्का? खाली आहे, स्वयंपाकघरात. वाटाण्याचं सूप केलंय, चमचा उभा राहील असं… नाही, ती नाही जेवली. भूक नाही म्हणाली. दुपारपासून टेबलाभोवती फेऱ्या मारतेय. मध्येच ओट्याला टेकून उभी राहते, परत फेऱ्या… पाठ भरून आलीय म्हणे. चोळून देऊ का विचारलं, तर म्हणाली, 'तू तुझी धार लाव.'

नाही गं, नेहमीसारखीच आहे. चेष्टासुद्धा चालू आहे. मी जेवत होतो तेव्हा माझं स्टॉपवॉच मागून घेतलं. आणि पाटी… अगं ती सरावाची पाटी. मागची फेरी किती वेळात झाली ते लिहून कृत्रिम बर्फाच्या मैदानाच्या कडेला धरतात ना, ती… हो, सहा वर्षं तीच धरते माझ्यासाठी. वारा असो, गारठा असो. मी मंद पडलो की आकड्याखाली रेघ मारते. शेवटची फेरी आली की आकड्याभोवती गोल काढते. बोलत काही नाही. मला तेवढं पुरतं.

एक मिनिट हं… काय गं? … जिन्याखाली उभी आहे, ताई. पाटी वर धरून. बघ, म्हटलं नव्हतं, चेष्टा चालू आहे म्हणून… थांब, चष्मा कुठे गेला. हं. वाचतो.

सात-दहा. सहा-चाळीस. सहा-वीस. पाच-पन्नास… मिनिटं आहेत बहुतेक. चारशे मीटरच्या फेरीला सात मिनिटं? वित्स्का, अगं बाबासुद्धा बर्फावर आधाराची खुर्ची ढकलत ढकलत याहून लवकर येतील…

हसत नाहीये ती.

शेवटचा आकडा पाच-पाच. त्याला गोल काढलाय… कठडा धरून उभी आहे. डोळे मिटलेत.

ताई, याचा अर्थ काय?…

कळा.

हो… हो. घेतोय श्वास. मला नको सांगूस, तिला… बरोबर, मीही घ्यायचा. कधीपासून, वित्स्का?… बारापासून म्हणते. 'खात्री झाल्याशिवाय तुझी फेरी कशाला मोडू' म्हणते.

बाई आहे का काय आहे ही.

हो, सुईणीला फोन. पाच मिनिटांवर आल्या की करा, असंच सांगितलं होतं तिने. नंबर फ्रिजवरच आहे… तक्त्याखाली. माझ्याच तक्त्याखाली दाबला गेलाय, कबूल. बोल नंतर काय बोलायचं ते. आता ऐक. ते ठोकळे गाडीत टाक. चारही. दाजींना बरोबर घे, एकट्याने पलंग… टाकलेत? कधी?… सकाळीच? … माझा भरवसा नव्हता म्हणून. बरं केलंस. फार बरं केलंस, ताई.

नाही, घाबरलो नाही. आवाज असाच आहे माझा… सगळं जमेल. जमीन झालीय, पाळणा झालाय, सूप गरम आहे. एक पलंग काय, दहा मिनिटांचं काम.

फेरीचं प्रवेशकार्ड? दाजींना देऊ, माझ्याऐवजी ते जातील. टेबलावरच आहे… वाईट वाटतंय का? वाटतंय. थोडं. पायरीगणिक कमी होतंय… उतरतोय ना जिना, म्हणून म्हटलं. धावत नाहीये.

बर्फ काय, येईल परत. बारा वर्षांनी येऊ दे. तोवर पोर बारा वर्षांचं होईल, बरोबर नेईन… मुलगी असली तरी. मुलगी असली तर मला मागे टाकेल, वित्स्कावर गेली तर.

आलो, आलो… इकडे दे ते घड्याळ. पाटीही दे. तू नको धरूस आता, मी उभा राहतो कडेला. टेक माझ्यावर… हं. अशी.

ताई, ठेवतो. सुईणीला लावायचाय… तू नुसती ये. दार उघडं आहे. हे बघ, पुढची सुरू झाली, मी घड्याळ चालू कर—