अदिबाने मारलेला पोपट

...आणि तिला विचारलं का कोणी? नाही ना! फॉर्म भरला, फोटो गेला, हातमोज्याचं माप घेतलं, ससाणासुद्धा ठरला, हो, जिवंत ससाणा, चोच आणि नखांसकट! आणि ज्या हातावर तो बसणार त्या हाताच्या मालकिणीला, म्हणजे आमच्या अदिबाला, विचारलं का कोणी?

तुम्हाला सांगते, अदिबा म्हणजे कशी मुलगी... अकरावीत आहे, कुवेतमधल्या रिग्गईत तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि वर्गात हजेरीला "येस मिस" म्हणायचं असतं ना, तेवढ्यासाठी चार नंबर आधीपासून घसा साफ करते. घसा साफ करते आणि मग म्हणत नाहीच, नुसता हात वर करते! लिफ्टमध्ये शेजारी भेटतील म्हणून जिन्याने जाते. ग्रुप फोटोत कायम उंच मुलीच्या मागे. गेल्या वर्षी शाळेच्या मासिकात फोटो आला, त्यात अदिबाचा फक्त कान होता. एक कान! अम्मीने तो चष्मा लावून शोधला आणि म्हणाली, "कान तरी बरा आलाय गो."

अशा मुलीला अख्ख्या कुवेतला दाखवायचं ठरलं. आणि कशासाठी? शिकारीसाठी! जिला झुरळ मारायलासुद्धा अम्मीला हाक मारावी लागते!

आता हे झालं कसं? अब्बांमुळे. अब्बा म्हणजे अशरफ, मूळचे रत्नागिरीकडचे, इथे एका मोठ्या दुकानात कामाला. वरच्या मजल्यावर सगळा थाट, तंबू काय, दुर्बिणी काय, ससाण्यांच्या मखमली बैठका काय... आणि खाली, जिन्याखाली, एक कोपरा. गरी, दोरी, शिशाचे गोळे. मासे गरवायचं सामान. त्या कोपऱ्यात अब्बा वीस वर्षं. गिऱ्हाईक येतं, म्हणतं "सैद", अब्बा गरी काढून देतात. वीस वर्षं "सैद" म्हटलं की गरी! मग माणसाला काय वाटणार? सैद म्हणजे मासेमारी. अरबीत शिकारीलाही सैदच म्हणतात हे त्यांना जिन्याखाली कोण येऊन सांगणार?

तर डिसेंबरात मुदीर खाली आला. मुदीर म्हणजे मॅनेजर. खाली कधी येत नाही, त्या दिवशी आला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि म्हणाला, "अशरफ, ये कोना नहीं चलता. सीझन के बाद बंद. तुम मीना अब्दुल्ला जाएगा, गोदाम में."

मीना अब्दुल्ला! तिथे रिफायनरीचा वास, पत्र्याचं गोदाम, आणि शुक्रवारीसुद्धा ड्युटी. आता तुम्ही म्हणाल, जातात की लोक, त्यात काय एवढं? अहो, शुक्रवार! शुक्रवारी सकाळी अब्बा आणि अदिबा समुद्रावर गरवायला जातात. पाच वर्षांची असल्यापासून. आठवड्यातून तेवढे तीन तास अदिबा बोलते. पाण्याकडे बघत बोलते, पण बोलते! शाळेतलं, मैत्रिणींचं, मनातलं, सगळं त्या तीन तासांत. शुक्रवार गेला म्हणजे या मुलीची वाचाच गेली की हो!

आणि त्याच आठवड्यात दुकानात कागद लागला. "सैद कुटुंब! कर्मचाऱ्यांसाठी स्पर्धा! जिंकेल ते कुटुंब या सीझनला कंपनीचा चेहरा!" अब्बांनी "सैद" वाचलं आणि त्यांना वाटलं, आपला कोपरा वाचला! धावत गेले वरच्या अबरारकडे. अबरार हैदराबादचा, त्याचं टायपिंग फास्ट. अब्बा सांगतायत, तो टायपतोय. "लिख, मेरी बेटी को बचपन से सैद का शौक है. लिख, सात साल की थी तब पहला पोपट मारा. खुद के हाथ से. लिख, मां ने उसका सालन बनाया."

पोपट म्हणजे पोपट मासा हो! हिरवा-निळा, चोचीसारखं तोंड. गरीला सहसा लागत नाही, जाळ्यातच येतो म्हणे, पण अदिबाच्या गरीला लागला, म्हणून घरात त्याचं एवढं कौतुक. नऊ वर्षं झाली, अजून पाहुणे आले की अब्बा हाताने त्याची लांबी दाखवतात, आणि दर वर्षी दोन बोटं वाढवतात. आता तो पोपट जवळजवळ दाराएवढा झालाय. पण अबरारला काय माहीत? त्याने टायप केलं, 'पॅरट'. मासा कुठे लिहिलाच नाही! आणि फोटो कुठला लावला? अकाम्याचा! ओळखपत्रावरचा तो फोटो, ज्यात भलाभला माणूस पकडून आणल्यासारखा दिसतो. आणि अदिबाला विचारलं का कोणी? छे!

चार दिवसांनी फोन. "नमस्कार, मी चारुशीला बोलतेय. जाहिरात एजन्सीतून. पुण्याची आहे, मराठीतच बोलूया. अभिनंदन! तुमची मुलगी निवडली आम्ही. काय डोळे आहेत हो! भेदक! अगदी ससाण्याची नजर!"

ससाण्याची कसली, सशाची होती ती! फोटो काढणारा "हिलो मत" म्हणून ओरडला होता, तेव्हाची!

"ससाणा?" अब्बा म्हणाले. "ससाण्याचा काय काम?"

"अहो, शिकारीची कॅम्पेन आहे ना!"

तुम्हाला सांगते, अब्बा खुर्चीत बसले ते फोन कानाला लावूनच बसले. आणि मग नाही म्हणायचं ना? पण मॅडम पुढे म्हणाल्या, "मालक स्वतः येणार आहेत शूटिंगला. तुमच्यावर खूश होतील." मालक! मुदीरच्याही वरचे! अब्बांच्या डोळ्यांपुढून मीना अब्दुल्लाचं गोदाम सरकलं, आणि ते म्हणाले, "हो हो, लहानपणापासून शिकारीच आहे आमची पोरगी."

रात्रभर अदिबा छताकडे बघत पडली. सकाळी अब्बा नुसते म्हणाले, "बाय, तुला नको असेल तर नको." पण हे म्हणताना ते गरी पुसत होते, एकेक गरी, फडक्याने, आणि डब्यात ठेवत होते. आता सांगा, कोण नाही म्हणेल? हे काय विचारणं झालं?

मग मॅडम घरी आल्या, समजवायला. बसल्या, चहा घेतला, लॅपटॉप उघडला. "हे बघा, मागच्या वर्षी काय झालं? पोस्टरवर एक मिशीवाला, हातात मेलेल्या पक्ष्यांची माळ. इंस्टाग्रामवर लोकांनी सोलून काढलं कंपनीला! तीन स्पॉन्सर पळाले. म्हणून या वर्षी इमेज बदलायची. बंदूक नको. रक्त नको. पिसं उडताना नकोत. आणि मुख्य म्हणजे शिकार हा शब्दच नको."

अब्बांनी भीत भीत विचारलं, "मग शिकारीत उरला काय?"

"भावना!" मॅडम म्हणाल्या.

अम्मी जाब्रियाच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला असते, दिवसभर लोकांच्या भावनाच ऐकते. ती म्हणाली, "आणि त्या पाखराने हिचा डोळा फोडला म्हणजे?"

"विमा आहे."

"डोळ्याचा?"

"पाखराचा."



जानेवारीतला शुक्रवार. सकाळी वाळवंटात तंबू, थंडी अशी की बोटं वळत नाहीत, आणि जिकडे बघावं तिकडे स्पॉन्सर! तंबूवर बँक. उशांवर मोबाईल कंपनी. अदिबाच्या हातमोज्यावर सरबताचं चित्र, तेही असं की हात वाकडा केल्याशिवाय दिसणार नाही, म्हणून हात वाकडा! आणि ससाणा... त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी असते, तो बिथरू नये म्हणून. त्याला काही म्हणजे काही दिसत नाही, शांत बसून असतो. त्या टोपीवरसुद्धा टायरची जाहिरात! पण अदिबा त्या टोपीकडे कशी बघत होती माहितीये? हावऱ्यासारखी. तिच्या मापाची एक असती तर!

आणि कार्यक्रम लाइव्ह! आधी म्हणाले रेकॉर्ड करू, मग म्हणाले लाइव्ह जाऊ. विचारलं का तिला? सोडा!

समोर फोन, फोनमागे दिवा, दिव्यामागे सहा हजार माणसं बघतायत. निवेदिका लांब पापण्यांची, गोड हसते, इंग्रजी बोलते. म्हणाली, "भेटा आपल्या छोट्या शिकारी राणीला!" आणि अबरारने टायपलेला फॉर्म हातात घेतला. मॅडमनी त्याची फक्त पहिली ओळ वाचली होती हो! निवेदिका दुसरी वाचायला लागली. "सातव्या वर्षी तिने पहिला... पोपट... मारला. स्वतःच्या हातांनी. आणि आईने त्याचं... त्याचं... कालवण केलं."

ससाण्यानेसुद्धा मान वळवली.

आणि मग त्या फोनवर कॉमेंटी! सरसरसर वर जातायत. "पोपट खाल्ला?" "हे कसलं कुटुंब?" "पिंजऱ्यातला होता का?" "तो बोलत होता का?" रडणारे चेहरे, हिरवे पोपट, लाल चेहरे, हिरवे पोपट... एकाने लिहिलं, "त्यापेक्षा मिशीवाला बरा होता!" चारुशीला मॅडम पांढऱ्याफटक. मुदीर अब्बांकडे असा बघतोय की गोदामाची चावी आत्ताच हातात देईल. आणि अब्बा... अब्बा तंबूच्या दाराशी दोन्ही हात पसरून उभे. माशाची लांबी दाखवत होते हो! "मासा! मासा!" करतायत, पण मराठीत. कुवेतच्या वाळवंटात सहा हजार लोकांना मराठीत कोण समजावणार?

अदिबाने अब्बांचे ते पसरलेले हात बघितले. आणि तुम्हाला सांगते, जी मुलगी "येस मिस" म्हणत नाही, ती ओरडली.

"समक!"

म्हणजे मासा. अरबीत. एकच शब्द. एवढ्या जोरात की ससाणा फडफडला आणि निवेदिकेची एक पापणी सुटली.

"समक! पोपट समक! मासा होता तो!"

तंबूत मागे एक म्हातारा बसला होता, काठी घेऊन. सगळ्यांना वाटलं कुणाचे तरी आजोबा. तेच मालक. अबू सालेम. ते हसायला लागले. असे हसले की काठी पडली. उठले, सरळ कॅमेऱ्यासमोर आले, स्पॉन्सरच्या उशीवर बसले आणि आपल्या जुन्या हिंदीत म्हणाले... त्यांचे वडील गलबतावर मुंबईला जायचे म्हणे, त्यामुळे हिंदी घरचीच... म्हणाले, "समक भी सैद है! मेरा बाप भी यही सैद करता था. बोलो बेटी, कैसे पकड़ा?"

विचारलं! महिनाभराने का होईना, तिला कोणीतरी विचारलं!

आणि मग? अहो, थांबेना! पाण्याकडे बघितल्यासारखी वाळूकडे बघत होती, पण बोलत होती. पोपट गरीला कसा लागत नाही, आमिषाला कोळंबी कशी सोलून लावायची, दोरी बोटावर कशी ठेवायची, मासा ओढतो ते आधी बोटाला कसं कळतं... हिंदी, इंग्रजी, मध्येच अरबी, अगदीच अडलं तर मराठी. अकरा मिनिटं! मालक मध्ये मध्ये "बराबर, बराबर" म्हणतायत. अब्बा दाराशी उभे, हात अजून पसरलेलेच, पण आता खाली घ्यायला विसरलेले. कॉमेंटींतले लाल चेहरे गेले, माशांचे आले. ससाणा तिच्या हातावर झोपला.

शेवटी मालकांनी मुदीरला विचारलं, "या मुलीचा बाप कुठल्या मजल्यावर असतो?" मुदीर म्हणाला, "जिन्याखाली." मालक म्हणाले, "जिन्याखाली का?" सोमवारी कोपरा वर आला. खिडकीपाशी! मीना अब्दुल्लाचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. आणि शुक्रवार अब्बांचाच राहिला.

हुश्श! पण थांबा, बोर्ड राहिला ना. रिंग रोडवरचा मोठा बोर्ड, त्यावर अदिबा झळकणार हे आधीच कबूल केलेलं. चारुशीला मॅडमनी नवीन फोटो काढला. आता ससाणा नाही, मासळी बाजारातून आणलेला हा एवढा पोपट, दोन्ही हातांत धरून. आठ दिवस अदिबा आरशासमोर हसायचा सराव करत होती. आता शाळेची बस रोज त्याच्यासमोरून जाणार!

बोर्ड लागला. बस निघाली. अदिबाने एक डोळा उघडून बघितलं.

चाळीस फुटी पोपट! चोच, खवले, शेपूट, सगळं झकास. आणि मागे? मागे मुलगी कुठाय? माशाने पूर्ण झाकलीय! एका बाजूने फक्त एक कान बाहेर. तोच, मासिकातला!

शेजारची शलाका म्हणाली, "ए, कसला भारी मासा आहे ना! मागे कोण आहे गं?" अदिबा म्हणाली, "कोण जाणे." आणि तुम्हाला सांगते, जेवढी म्हणून हवा त्या बसमध्ये होती ती सगळी तिने एका श्वासात आत घेतली आणि सोडली.

अम्मीने फोटो रत्नागिरीला पाठवला, सगळ्या नातेवाइकांना. "ही आमची अदिबा." तासाभरात फुफूचा, म्हणजे अब्बांच्या बहिणीचा, फोन आला. फोन स्पीकरवर होता. अदिबा कान देऊन बसली, आता फुफू काय विचारते म्हणून.

फुफूने अम्मीला विचारलं, "सफिया, एवढा पोपट केवढ्याला मिळाला गो?"

...चला. विचारलं बाई कोणीतरी. अदिबाला नाही, पोपटाला. पण खरं सांगू? तिचं काही म्हणणं नाही.