फारुख सरांनी मागे घेतलेला निर्णय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे मुख्याध्यापक आदरणीय जीवराम सर, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे सचिव प्रेमराज नाना, आज निवृत्त होत असलेले आमचे कॉम्प्युटरचे शिक्षक आणि सत्कारमूर्ती फारुख पिंजारी सर, त्यांच्या सोबत आवर्जून आलेल्या रहिमाबी भाभी, माझे सर्व सहकारी, आणि मागच्या रांगांत कुजबुजणाऱ्या माझ्या मुलींनो,

अमळनेरच्या या विद्यालयात मी बावीस वर्षं मराठी शिकवते. त्यातली शेवटची सहा वर्षं मला दिसत नाही. आपण सारे हे जाणता, पाहुण्यांसाठी सांगितलं. कॉम्प्युटर मला पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो आणि मी तो ऐकून काम करते. हे मला सहा वर्षांपूर्वी फारुख सरांनीच शिकवलं. पण आज मला सांगायचं आहे ते गेल्या दिवाळीनंतरचं.

आमच्याकडे अठरा जुने कॉम्प्युटर. त्यांच्यातल्या विंडोजला सुरक्षेच्या सुधारणा मिळणं बंद झालं आणि नवी विंडोज त्या यंत्रांवर चालेना. प्रश्न होता, करायचं काय? सरांनी बैठकीत ठामपणे सांगितलं, "विंडोजऐवजी सगळीकडे लिनक्स ही मोफत सिस्टीम टाकू. हीच यंत्रं अजून पाच वर्षं धावतील. मात्र सगळीकडे एकच सिस्टीम हवी, नाहीतर मला सांभाळता येणार नाही." सर्वांनी मान्य केलं. मीही केलं. सरांनी दिवाळीची सुट्टी लॅबमध्ये घालवली. भाभी, त्या सुट्टीबद्दल आम्ही तुमचे अपराधी आहोत.

शाळा उघडली आणि कौतुक सुरू झालं. मुली सांगायच्या, बटण दाबलं की लगेच सुरू होतो. मी माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले. वाचून दाखवणारी सोय सरांनी त्यातही बसवली होती, पण माझ्या सवयीचा आवाज फक्त विंडोजवर चाले, तो तिथे नव्हता. जो होता तो जोडाक्षरांवर अडखळायचा आणि अनुस्वार गिळायचा. 'अंगण' आणि 'अगण' मला एकच ऐकू येई. मराठीच्या बाईला याहून मोठी अडचण कोणती?

इतक्या जणांचं भलं झालेलं असताना एकटीनं तक्रार कशी करायची? दहावीच्या सराव परीक्षेचा पेपर मी तसाच टाइप केला. त्यात अकरा चुका निघाल्या. आमच्या पर्यवेक्षिका रत्नाताई अतिशय मायेनं म्हणाल्या, "दीपमालाताई, यंदा पेपर मेघाला काढू द्या. तुम्हाला त्रास नको." मेघा म्हणजे मराठी आणि कॉम्प्युटर दोन्ही शिकवणारी आमची तरुण सहशिक्षिका.

रत्नाताई, तुमच्या मनात काही वावगं नव्हतं, मला ठाऊक आहे. पण त्या वाक्यानं मी हादरले. आज पेपर गेला, उद्या वर्ग जाईल. मी कॉम्प्युटर बंद केला आणि स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाची वाक्यं मनात जुळवू लागले. तीन दिवस.

चौथ्या दिवशी आमच्या शिपाई भिकुबाई पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमना कंपुटर मुका काबर शे?" तो मुका का, याचं काहीतरी कारण सांगून मी टाळलं. भिकुबाई थेट लॅबमध्ये गेल्या.

फारुख सर आले. "ताई, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. वर मीच म्हणाले, "एका माणसासाठी कशाला बदलायचं, सर?"

"त्या एका माणसाला मी विचारलंच नाही," सर म्हणाले. मग त्यांनी पडदा बंद केला, माझ्या खुर्चीवर बसले आणि निव्वळ ऐकून रजेचा अर्ज लिहायला घेतला. चार ओळींना एक तास लागला. मग पडदा पुन्हा सुरू करून त्यांनी स्वतःच तो अर्ज वाचला. एकेक चूक मोजली. शेवटी म्हणाले, "ताई, मी नुसतं बघून ठरवलं."

सोमवारी बैठक झाली. नवी विंडोज चालेल असं शाळेत एकच यंत्र होतं, ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर. सरांनी ते माझ्यासाठी मागितलं.

जीवराम सर म्हणाले, "फारुखभाई, सगळीकडे एकच सिस्टीम, हा आग्रह तुमचाच ना?"

"माझाच. तो चुकला. मी मागे घेतो."

"आणि मी काय वापरू?"

"ताईंचा कॉम्प्युटर. तुमची पत्रं आणि तक्ते त्यावर व्यवस्थित होतात. मी शेजारी बसून शिकवीन."

यावर जीवराम सरांनी एवढंच विचारलं, "केव्हा नेता?" त्यानंतर आठवडाभर त्यांना स्वतःची पत्रं सापडत नव्हती हे खरं, पण ती कथा त्यांनीच सांगावी. जीवराम सर हसताहेत, मला ऐकू येतंय.

माझा जुना आवाज परत आला. पेपर मीच नव्यानं काढला, एकही चूक नाही. लॅबमधल्या मुली आजही लिनक्सवर आनंदानं शिकतात. त्यांच्यासाठी तो निर्णय बरोबरच होता. फारुख सर तेवढ्यावर थांबले नाहीत. दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं त्या अडखळणाऱ्या आवाजाच्या चुकांची यादी करत बसलो. तीनशेच्या वर शब्द झाले. तो आवाज तयार करणाऱ्या मंडळींना सरांनी ती यादी पाठवली. त्यांचं उत्तर आलं, काही शब्द सुधारले, काम सुरू आहे.

मागच्या आठवड्यात सरांनी लॅबचा कार्यभार मेघाकडे दिला. नोंदवहीत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं मेघानं मला वाचून दाखवलं: "कोणतीही नवी सिस्टीम टाकण्यापूर्वी दीपमालाताईंनी तिच्यावर एक पान लिहून पाहावे. त्यांनी होकार दिल्याशिवाय टाकू नये." खाली मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का.

सर, दृष्टी गेल्यापासून मला मदत पुष्कळांनी केली. अधिकार तुम्ही दिलात.

तुम्हाला आणि भाभींना निरोगी, निवांत आयुष्य लाभो. मला बोलायची संधी दिल्याबद्दल संस्थेची आणि शांतपणे ऐकल्याबद्दल आपणा सर्वांची मी ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, तर तो दोष डोळ्यांचा नाही, माझ्या विसराळूपणाचा आहे. मोठ्या मनानं पदरात घ्यावा. नमस्कार.