समोरच्या खिडकीतली झळ

हरिनामात बसलेली मंडळी हो, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या! शेजाऱ्याने आपल्याला त्रास दिला, तर आपल्याला कळतं की नाही? कळतं! लगेच कळतं! साऱ्या गल्लीला कळतं! पण आपण शेजाऱ्याला दिलेला त्रास — तो आपल्याला कसा कळायचा? बोला! मागे भिंतीला टेकलेले काका, तुम्ही सांगा! नाही ना सांगता येत? मग ऐका!

आपल्या अकोल्यातलीच गोष्ट. प्रल्हादराव गावंडे नावाचे गृहस्थ. सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. घरात ते, त्यांची पत्नी सुमतीबाई आणि — आता हसू नका हं — एक जुना एसी! भिंतीला भोक पाडून बसवलेला, खिडकीएवढा डबा! तोंड घरात, पाठ बाहेरच्या बोळात. आता अकोल्याचा उन्हाळा मी तुम्हाला सांगावा? दुपारी नळाखाली हात धरला तरी चटका बसतो!

हा एसी हौसेने नव्हता आला बरं! त्यांची मुलगी रेवती स्वयंपाकघरात भाजली होती. कढईतलं तेल पेटलं आणि दोन्ही हात, मान, पाठ! तेव्हा धावून कोण आलं? बोळापलीकडचे मनोहर इंगळे. एसटीतले कंडक्टर; घरात ते आणि त्यांची पत्नी पुष्पाबाई. त्यांनी पोरीला ओल्या चादरीत गुंडाळलं, रिक्षात घातलं, दवाखाना गाठला! पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, "खोली गार ठेवा, कातडीला उष्णता सोसायची नाही." म्हणून एसी आला. बसवताना प्रल्हादराव म्हणाले, "मनोहरभाऊ, याची पाठ तुमच्या खिडकीसमोर येते हो." मनोहर काय म्हणाले? "भाऊ, पोरीचं पहिले पाहा! खिडकीचं काय घेऊन बसले!"

असे शेजारी! पुढं काय झालं, मंडळी? रेवती बरी झाली. शिकली. लग्न होऊन नाशिकला गेली. आणि एसी? एसी कुठं जातो! तो राहिला. सवय झाली ना! मुलीसाठी आलेला गारवा आईबापांनी ठेवून घेतला. आपण नसता ठेवला?

आणि एका उन्हाळ्यात काय झालं — मनोहररावांची समोरची खिडकी बंद झाली! कायमची बंद! प्रल्हादरावांनी पाहिलं. एक दिवस पाहिलं, चार दिवस पाहिलं, आणि डोक्यात राख! "सुमती, पाहिलं का? आपलं तोंड पाहायचं नाही त्यांना! आपल्याकडे एसी आहे, ते पाहवत नाही!" सुमतीबाई म्हणाल्या, "अहो, विचारून तर पाहा." "मी विचारू? मी का विचारू?"

झालं! बोलणं बंद. रस्त्यात भेटले तर प्रल्हादराव मोबाइल कानाला लावायचे — बंद मोबाइल, मंडळी! हळदीकुंकवाचं बोलावणं थांबलं. लोणच्याच्या फोडींची देवाणघेवाण थांबली. रेवती माहेरी आली की विचारायची, "बाबा, मनोहरकाकांकडे जाऊन येऊ?" बाप म्हणायचा, "त्यांना वेळ नसतो."

अशी वर्षं गेली. एसी म्हातारा झाला! सुरू केला की खडखड खडखड, जशी काही एसटी घाट चढते आहे! खाली पाणी गळायचं, त्याला बादली लावायची. गारवा म्हणाल तर नावाला. शेवटी रेवतीने फोनवर दम दिला, "बाबा, नवा घ्या!" आणि नवा आला! घरात काय आनंद! सुमतीबाईंनी खोक्याला हळदकुंकू वाहिलं! दुपारी मेकॅनिक आला. रिझवान त्याचं नाव. हा नवा एसी दोन तुकड्यांचा. एक तुकडा घरात थंडी देतो, दुसरा बाहेर गरम वारा फेकतो. रिझवानने बोळात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "काका, अडचण आहे. बाहेरचं युनिट इथंच टांगायचं, पण बोळ अरुंद, शिडी उभी राहत नाही. समोरच्या घरातून, त्या खिडकीतून काम करावं लागेल. विचारून या."

आली का पंचाईत! ज्याचं तोंड पाहायचं नाही, त्याच्याच दारात जायचं! प्रल्हादराव घामाघूम झाले. म्हणाले, "सुमती, तू जा." त्या म्हणाल्या, "अबोला मी नव्हता धरला!" वा सुमतीबाई! मग निघाले बिचारे. जाताना म्हणाले, "तोवर जुना बंद तरी कर." त्या म्हणाल्या, "या उन्हात? काढेपर्यंत चालू दे!"

कडी वाजवली. दार उघडलं. समोर मनोहरराव! केस पांढरे झालेले. प्रल्हादराव भांडणाची तयारी करून गेलेले हो! आणि मनोहरराव काय म्हणाले? "या न, भाऊ. पाणी घ्या. ऊन फार आहे."

बस! अर्धा राग तिथंच उतरला. प्रल्हादराव चाचरत म्हणाले, "ते... खिडकी जरा... काम होतं." मनोहरराव आत वळले. म्हणाले, "उघडत नाही लवकर. या, दोघं मिळून लावू जोर."

आतली खोली. रिकामी! एक लोखंडी पलंग, त्यावर गादीही नाही. दोघा म्हाताऱ्यांनी खिडकीला खांदा लावला — एक, दोन — आणि खाडकन उघडली!

मंडळी! भट्टीचं दार उघडावं तशी झळ! प्रल्हादरावांच्या तोंडावर, डोळ्यांत, छातीत! धूळ, गरम वारा आणि ती खडखड! ठसका लागला, मागे सरले, पलंगाला धरून उभे राहिले. "हे... हे काय आहे?"

"तुमचा एसी आहे, भाऊ."

साध्या आवाजात सांगितलं हो! टोमणा नाही, काही नाही!

"या खोलीत कोण झोपतं?"

"पुष्पा झोपायची. तिला दमा आहे. गरम वाऱ्याने धाप लागायची, म्हणून खिडकी लावली. मग कोंडायला लागलं, म्हणून खोलीच सोडली. आता स्वयंपाकघरात झोपते, ओट्याखाली."

प्रल्हादराव ओरडलेच, "अहो, मग मला सांगायचं ना!"

"आलो होतो सांगायला. दारापर्यंत आलो. आत रेवती झोपलेली. वहिनी म्हणाल्या, भाऊ, पोर आज पहिल्यांदा न कण्हता झोपली. मग काय सांगू? परत आलो."

"पण नंतर! ती बरी झाल्यावर!"

मनोहरराव म्हणाले, "तेव्हा पुष्पा म्हणाली, सोसू. सोसेना झालं, तेव्हा तुम्ही बोलतच नव्हते. कोणाला सांगू, भाऊ?"

पेटीवाले, थांबा जरा. सूर नको. हे असंच ऐकू द्या सगळ्यांना. *कोणाला सांगू, भाऊ?*

प्रल्हादराव त्या खिडकीत गेले. झळ तोंडावर घेत ओरडले, "सुमती! बंद कर! आत्ता बंद कर!" खडखड थांबली. सुमतीबाई धावत आल्या, त्यांना वाटलं यांना काही झालं! स्वयंपाकघरात गेल्या, तर ओट्याखाली चटईवर पुष्पाबाई. सुमतीबाई तिथंच फरशीवर बसल्या, त्यांचा हात हातात घेतला. पुष्पाबाईच म्हणाल्या, "रेवती कशी आहे हो? किती वर्षांत दिसली नाही."

इकडे रिझवान विचारतो, "काका, लावू का युनिट?" प्रल्हादराव म्हणाले, "इथं नाही! गच्चीवर लाव! झळ आभाळात जाऊ दे!" तो म्हणाला, "मग लांब पाइप लागेल, आज होणार नाही. उन्हात राहाल?" सुमतीबाईंनीच उत्तर दिलं, "राहू! पण तो जुना डबा आजच काढ!"

काढला! भिंतीला भलंमोठं भोक. रिझवान म्हणाला, "विटा लावून बुजवतो." प्रल्हादराव म्हणाले, "खबरदार! जाळी बसव. खिडकी होऊ दे!" पुष्पाबाईंच्या पलंगावर गादी आली. संध्याकाळी बोळातून वारा आला — साधा, देवाचा वारा! — आणि त्या खिडकीतून या खिडकीत आंब्याच्या फोडींची वाटी आली. बोला, पांडुरंग हरी!

आता प्रश्नाचं उत्तर मिळालं? आपली झळ आपल्या घरात बसून कळत नाही हो! पलीकडे जाऊन उभं राहावं लागतं! तुमची गाडी कोणाच्या फाटकासमोर उभी आहे? तुमच्या गच्चीचं पाणी कोणाच्या अंगणात पडतं? तो माणूस गप्प आहे म्हणजे सुखात आहे, असं कोणी सांगितलं तुम्हाला?

आणि अध्यक्षसाहेब, वर पाहा. हा आपला भोंगा! तोंड कुणीकडे केलंय? मागच्या वस्तीकडे! तिथं कोणाचं तान्हं असेल, कोणी आजारी असेल. आपल्यापैकी कोणी त्या घरात जाऊन उभं राहिलंय? नाही ना? ऐकणारी मंडळी तर सगळी इथं बसली आहेत! चढा कोणीतरी, फिरवा तो इकडे! हां, आणखी थोडा... बस!

आता टाळ घ्या हातात. देवाला ऐकू जाईल, चिंता करू नका!