उंबरकोंडची पालखी दीड तास का थांबली

दि. २२/०३/२००३

मी, सौ. आवडी भिकू उतेकर, वय ४१ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा शेती व गोधड्या शिवणे, रा. उंबरकोंड, ता. पोलादपूर, जि. रायगड. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते ते असे की,

हवालदारसाहेबांनी प्रथम माझे पती भिकू यांना विचारले की, बाईंच्या वतीने तुम्हीच सांगता का. पती म्हणाले, "तोंड तिला हाय, सायेब." म्हणून हा जबाब मी स्वतः देत आहे.

माझे मोठे दीर हैबती उतेकर हे गावकीचे पुढारी आहेत. त्यांनी तेवीस सह्यांचा अर्ज दिला आहे, तो मला वाचून दाखवला. मी वेडी आहे, मी देवीची पालखी अडवली, हैबती यांच्यावर नारळाने हल्ला केला, माझ्यापासून गावाला धोका आहे, तरी मला वेड्यांच्या इस्पितळात पोचवावे, असा त्यात मजकूर आहे. सही करणाऱ्यांपैकी नऊ घरांत माझ्या हातच्या गोधड्या आहेत. त्यांतली एकही अद्याप परत आलेली नाही.

मी आजारी आहे हे खरे आहे. ते सांगायला तेवीस जण लागत नाहीत. सन १९९५ च्या पावसाळ्यात लावणी उरकल्यावर माझी झोप गेली व जवळ कोणी नसताना मला बोलणे ऐकू येऊ लागले. त्या वेळी मला गोठ्यात मेढीच्या खांबाला सुंभाच्या दोराने बांधून ठेवले व मिरच्यांची धुरी दिली. असे नऊ दिवस चालले. शेजारी म्हैस बांधलेली असे. म्हशीला सकाळी चरायला सोडत असत. बांधणाऱ्यांत हैबती होते. त्या वेळी धोक्याचा अर्ज कोणी दिला नव्हता.

दहाव्या दिवशी पती मुंबईहून आले. त्यांनी कोयतीने सुंभ तोडला व मला महाडला डॉक्टरांकडे नेले. तेव्हापासून गोळी चालू आहे. दर महिन्याला मी एकटी एस.टी.ने महाडला जाऊन येते. गोळीने तोंडाला कोरड पडते व हात थरथरतो. आवाज बहुतेक गेले. एखादा अजून येतो. मी त्याला ओळखते, त्याला बोलू देते आणि भाकऱ्या थापत राहते.

थरथरण्याबाबत विचारले म्हणून सांगते. शिमग्याला हैबती यांच्या अंगात देवी येते. ते थरथरतात तेव्हा लोक त्यांच्या पाया पडतात व पोरीचे लग्न कधी जमेल ते विचारतात. माझा हात थरथरतो तेव्हा तेच लोक आपली पोरे घरात ओढतात. माझ्या थरथरण्याला निदान डॉक्टरांची चिठ्ठी आहे. ती मी आज सोबत आणली आहे.

शिमग्यात ग्रामदेवी काळकाईची पालखी घरोघर जाते व प्रत्येक घरची सवाष्ण देवीची ओटी भरते. मी आजारी पडल्यापासून पालखी माझ्या अंगणासमोरून न थांबता पुढे जाते. यंदा गुरुवार दि. २०/०३/२००३ रोजी माझी मुलगी सारिका, वय १६, हिने पहाटे उठून अंगण सारवले, रांगोळी काढली, पाट मांडला. मी तिला म्हटले, कशाला उगाच. ती म्हणाली, "आये, यंदा थांबंल गो." सकाळी अकराच्या सुमारास पालखी आली. ढोल जोरात वाजवला आणि पालखी गेली. सारिका दारात उभी होती. ती रडली नाही. तिने वाकून पाट उचलला. ते पाहून मला राग आला. राग मला आला, आजाराला नाही, हे स्पष्ट लिहावे.

मी ओटीचे ताट घेतले. घरामागच्या पायवाटेने पुढे जाऊन पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर पालखीसमोर उभी राहिले. आमच्या गावचा रिवाज असा की, ओटीचे ताट घेऊन सवाष्ण वाटेत उभी असेल तर पालखी तिला ओलांडत नाही. देवळाखेरीज पालखी भुईला टेकवायची नाही, हाही रिवाज आहे. दोन्ही रिवाज मी केलेले नाहीत.

हैबती म्हणाले, "आवडे, बाजूला हो. येडीची वटी देवीला चालत नाय."

मी म्हटले, "देवीनं तसं सांगितलंय काय? आता तुमच्या अंगात हाय ना, इचारा तिला."

यावर ढोल थांबला. हैबती यांनी ढोलवाल्याकडे पाहिले, पण तो वाजवेना. मी तेथून हलले नाही. हात थरथरत होता, ताटातले तांदूळ सांडत होते, ते मी पुन्हा वेचून ताटात घेत होते. ऊन डोक्यावर आले. खांदा देणारे खांदे बदलत होते. दीड तास झाल्यावर त्यांच्यातला चंदू शेलार म्हणाला, "काका, खांदं गेलं. घ्या की वटी." हैबती म्हणाले, नाय. तेव्हा तुळसाआजी, वय अंदाजे ७५, घोळक्यातून पुढे आल्या व म्हणाल्या, "हैबत्या, तुझ्या आयशीलाबी बाळंतपणात असंच झालं व्हतं. तिला मीच सांभाळली. तिची वटी देवीनं घेतली, नि तिचंच दूध पिऊन तू येवढा झालास." हे हैबती यांनी प्रथमच ऐकले असावे.

चंदूने पालखी माझ्यापुढे खाली झुकवली. मी ओटी भरू लागले, तेवढ्यात हैबती यांनी ताट ओढले. ताटातला नारळ त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. हल्ला म्हणतात तो हाच. अंगठा सुजला आहे, त्याचे मला वाईट वाटते. नारळ उचलून मी ओटी पुरी केली.

मी इस्पितळात जाणार नाही. मी घरी जाणार आहे. हैबती यांच्याविरुद्ध माझी आज तक्रार नाही. मनगटांवरचे सुंभाचे वण साहेबांना दाखवले आहेत, त्यांची नोंद व्हावी. पुढल्या शिमग्याला पालखी माझ्या दारात थांबली नाही तर मी पुन्हा वाटेत उभी राहीन, हे आत्ताच लिहून घ्यावे.

हा जबाब हवालदारसाहेब माझ्या पतींना वाचून दाखवू लागले, तेव्हा मी कागद मागून घेतला व स्वतः वाचला. मी सांगितले तेच यात आहे. माझा हात पाहून साहेब म्हणाले की अंगठा दिला तरी चालेल. मी अंगठा देणार नाही. मला लिहिता येते, सहीला वेळ लागेल इतकेच. देवी दीड तास थांबली, साहेबांनी पाच मिनिटे थांबावे.

(सही) आवडी भिकू उतेकर