घरच्या मशीनवर होत नाही

मेहुणी: तसं नाही भावजी. दवाखान्यातून आधी तुम्हाला कळलं, मग तुम्ही मला फोन केलात. आणि फोनवर काय म्हणालात, आठवतंय?

मी: ती गेली म्हणालो असेन.

मेहुणी: "तुझी बहीण गेली, आणि आता त्या रबराचं काय करायचं?" मला वाटलं, दुकानातल्या ट्यूबचं बोलताय. म्हटलं, बायको गेली त्या दिवशीही या माणसाला पंक्चरच सुचतंय.

मी: ट्यूबचं नव्हतो बोलत. याचं बोलत होतो.

मेहुणी: तेच विचारतेय मघापासून. हे काय आहे? आणि ते मशीनला का चिकटलंय?

मी: तू बस आधी.

मेहुणी: बसू कशी? खाली टेम्पो उभा आहे. तीन महिने मी विषय काढला नाही. "मशीन धाकटीला द्या" असं ताई स्वतः म्हणाली होती, तुमच्यासमोर.

मी: म्हणाली होती. मी कुठे नाही म्हणतोय? मशीन तुझंच आहे. फक्त आज ते सुटत नाहीये.

मेहुणी: सुटत नाही म्हणजे?

मी: सोल्युशन लावलं.

मेहुणी: कसलं?

मी: पंक्चरचं.

मेहुणी: शिलाई मशीनला?

मी: मशीनला कशाला लावीन? कापडाला लावलं. मशीनला ते आपणहून लागलं.

मेहुणी: भावजी!

मी: ऐक तर. या रबरी कापडाला टाचणी चालत नाही. भोक पडलं की पडलं, बुजत नाही. म्हणून म्हटलं, कडा आधी चिकटवून घ्याव्यात, मग शिवावं. विचार चुकीचा नव्हता.

मेहुणी: मग चुकलं काय?

मी: सुकू दिलं नाही.

मेहुणी: तुम्ही? तुम्ही सोल्युशन सुकू दिलं नाही? जन्मभर गिऱ्हाइकांवर डाफरताय, "घाई करू नका, आधी सुकू द्या" म्हणून!

मी: दुकानात मला घाई नसते.

मेहुणी: आणि या मोडक्या सुया? तीन, चार... सात?

मी: नऊ. दोन सापडल्या नाहीत. अनवाणी फिरू नकोस.

मेहुणी: अहो, या झबली-टोपडी शिवायच्या सुया आहेत!

मी: सुयांमध्येही प्रकार असतात?

मेहुणी: टायरमध्ये असतात का?

मी: बरं.

मेहुणी: जाड कापडाला जाड सुई, अठरा नंबरची. टाका मोठा ठेवायचा. बारीक घातला तर कापड त्या रेघेवर फाटतं, तिकीट फाटतं तसं. रबर सुईजवळच्या दाबपट्टीला चिकटतं म्हणून वरून कागद ठेवायचा, नंतर फाडून टाकायचा. आणि टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे. ताईला सगळं माहीत होतं. ती इथे शिवत असायची तेव्हा तुम्ही शेजारच्या खोलीत काय करत होतात एवढी वर्षं?

मी: टीव्हीचा आवाज वाढवत होतो. मशीनचा खडखडाट यायचा ना.

मेहुणी: धन्य आहे. द्या ती कात्री, मी कापून मोकळं करते.

मी: कात्री लावायची नाही!

मेहुणी: केवढ्याने ओरडता?

मी: कात्री लावायची नाही. हे तिने कापलंय. आणखी कापड नाही.

मेहुणी: ...खरंच की. खडूच्या खुणा ताईच्याच आहेत. हे जाकीट आहे का? पोहायचं?

मी: हो. तलावात थंडी वाजते म्हणायची. तिथल्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पाणबुडे घालतात तसलं जाड जाकीट घाला, पण शिकणं सोडू नका. विकतचं तिच्या मापाचं मिळेना. मग हे कापड आणलं, कापलं, आणि मशीनवर घेतलं. मी तिथे दारात उभा होतो. म्हणालो, हे घरच्या मशीनवर व्हायचं नाही. ती म्हणाली, होईल. मी म्हणालो, लाव पैज. आणि हसलो.

मेहुणी: हसलात तर काय झालं?

मी: पोट धरून हसलो. वर म्हणालो, म्हैस पाण्यात उतरताना रेनकोट घालते का?

मेहुणी: असं म्हणालात? ताईला?

मी: तीही हसली. मग घडी घालून ठेवून दिलं. म्हणाली, तुम्ही घरात नसताना शिवीन. मग दवाखाना सुरू झाला.

मेहुणी: अहो, मग कोपऱ्यावरच्या बॅगवाल्याकडे द्या. त्याचं मोठं मशीन आहे, दहा मिनिटांत शिवून देईल.

मी: त्याने शिवलं तर माझंच खरं होईल.

मेहुणी: म्हणजे?

मी: घरच्या मशीनवर होत नाही, हेच तर मी म्हणालो होतो.

(खाली टेम्पोचा हॉर्न वाजतो, मग पुन्हा वाजतो. मेहुणी खिडकीतून ओरडते.)

मेहुणी: अहो दादा, जा तुम्ही! आज नाही न्यायचं! काय झालं म्हणजे? चिकटलंय! ...मशीन चिकटलंय हो! ...जाऊ द्या, तुम्हाला नाही कळायचं!

मी: त्याला उगाच परत पाठवलंस.

मेहुणी: ते माझं मी बघते. हे सोडवायचं कसं ते सांगा. रॉकेल लावू?

मी: रॉकेलने रबर फुगतं. साबणाचं पाणी आण, आणि लोणी लावायची ती बोथट सुरी. हे काम मला येतं. तू नुसतं कापड धर. ओढू नकोस, सोलायचंय. हळू. अजून हळू.

मेहुणी: आलं, आलं... सुटलं!

मी: फाटलं का?

मेहुणी: नाही. डाग पडलाय, पण तो आत जाईल. आता ही सुई घाला.

मी: तुझ्या पर्समध्ये जाड सुई कशी?

मेहुणी: मशीन नेण्याआधी चालवून बघणार होते. मेहुण्याने वापरलेलं मशीन, भरवसा काय? आता पाय लावू नका. चाक हाताने फिरवा, एकेक टाका.

मी: एकेक?

मेहुणी: घाई आहे?

मी: नाही.

मेहुणी: मग फिरवा. अहो, उलटं कुठे? तुमच्याकडे.

मी: फार जड जातंय.

मेहुणी: जाऊ दे जड. ...गेली बघा आरपार.

मी: मोडली नाही?

मेहुणी: मोडली असती तर माझ्या डोळ्यात असती. फिरवा.

मी: खालचा दोरा आला का वर?

मेहुणी: आला. भावजी, रडायचं तर तोंड तिकडे करा. कागद भिजतोय.

मी: घाम आहे.

मेहुणी: बरं, घाम. फिरवा.

मी: (चाक फिरवत) एक... अजून एक...

मेहुणी: थांबा. संपली शिवण. एवढ्या एका खांद्याला पाऊण तास! ओढून बघा.

मी: तू ओढ. माझी हिंमत नाही.

मेहुणी: ओढलं. जोर लावून ओढलं. हलत नाही. ताईचं खरं निघालं.

मी: एवढ्यात नको म्हणूस.

मेहुणी: का? अजून किती राहिलंय?

मी: दुसरा खांदा, दोन्ही बाजू, दोन बाह्या आणि पुढची चेन.